पाच किलोच्या वर नाही

सिप्रियानोने ताट मागे सारलं. तेही सोमवारी. सोमवारी तिश्कोकोब गावात घरोघरी काळा घेवडा आणि डुकराचं मटण एकत्र शिजतं. ते नको म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर त्याचं बाहेर कुठेतरी सूत जुळलेलं असतं. सिप्रियानो आजारी नव्हता. रोज सकाळी तो गावाबाहेरच्या रस्त्यावर धावून यायचा. त्याच्या बायकोने, नेयदीने, ताट झाकून ठेवलं.

दहा महिन्यांपूर्वी मेरिदा शहरातल्या इस्पितळात कॅन्सरमुळे तिचा डावा स्तन काढला होता. ती घरी आली त्याच दिवशी सिप्रियानोने आपल्यासाठी निजायला वेगळा जाळीचा झुला आणून समोरच्या भिंतीला टांगला. तेवीस वर्षं दोघं एकाच झुल्यात निजत होती. नेयदीने कारण विचारलं नाही. ते आपल्याला कळलंय असं तिला वाटत होतं. ती दाराआड कपडे बदलू लागली. रिकाम्या जागी ठेवायला तिने कापडाची पिशवी शिवली आणि तीत राळ्याचे दाणे भरले. नवऱ्याने ढुंकून पाहिलं नाही, पण अंगणातल्या कोंबड्या मात्र तिची पाठ सोडेनात. तिच्या छातीवर इतका डोळा जन्मात कुणी ठेवला नव्हता.

शेजारणीचं, सोकोर्रोचं, म्हणणं सरळ होतं. पन्नाशीचा पुरुष बायकोच्या हातचं टाकून बारीक व्हायला लागला, की तो कुणासाठी तरी बारीक होत असतो. शिवाय दर मंगळवारी हा बाजारात जातो आणि हात हलवत परत येतो, हे तिने स्वतः पाहिलं होतं.

मंगळवारी नेयदी बाजारात गेली. काय बोलायचं ते तिने वाटेत चार वेळा घोकलं. त्या बाईला एकदा डोळ्यांनी बघायचं आणि मग माहेरी निघून जायचं, एवढं तिचं ठरलं होतं.

सिप्रियानो चान खाटकाच्या गाळ्यात सापडला. तो डुकरं तोलायच्या काट्याला लटकला होता. दोर काखेतून घेतलेला, पाय अधांतरी. चान डोळे बारीक करून आकडा वाचत होता आणि कलेजी घ्यायला आलेल्या दोन बायका वाट बघत उभ्या होत्या.

"कोण आहे ती?" नेयदीने विचारलं. "कुणासाठी वाळतोयस?"

दोराला पीळ होता. सिप्रियानो आधी पाठमोरा झाला, मग सावकाश फिरत समोर आला.

"तुझ्यासाठी," तो म्हणाला.

"एकसष्ट किलो," चान म्हणाला. "गेल्या मंगळवारपेक्षा अर्धा कमी."

मग लटकल्या लटकल्या सिप्रियानोने सगळं सांगितलं. घरी सोडताना डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, बाईंवर भार पडू देऊ नका, पाच किलोच्या वर नाही, जन्मभर नाही. तो तेव्हा ब्याऐंशी किलोंचा होता. समोर नर्स उभी होती, म्हणून जास्त विचारायची त्याला लाज वाटली.

"पाचावर येणं काही जमायचं नाही, एवढं कळतं मला," तो म्हणाला. "पण जेवढा उतरेन तेवढं तुला कमी दुखेल. एका झुल्यात निजलो असतो तर मला राहवलं नसतं गं."

डॉक्टर बोलले होते ते हाताबद्दल. डाव्या हाताने जड बादली उचलली तर हाताला सूज येते, हे नेयदीला पाठ होतं. पण ते त्याला नंतर सांगायचं तिने ठरवलं. दहा महिने ती एका भिंतीशी रडत होती आणि हा समोरच्या भिंतीशी उपाशी निजत होता. तिला भयंकर राग आला, त्याहून जास्त हसू आलं. आणि जी ऑपरेशनबरोबर कापून गेली असं ती धरून चालली होती, ती जुनी ओढ अंगभर जागी झाली.

"काढा याला खाली," ती चानला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. कलेजीवाल्या बायका ऐकत होत्या, पण तिने आवाज कमी केला नाही.

"भार माझ्यावर नको म्हणाले ना डॉक्टर? मग आजपासून तू खाली."