भिंतींआधीचं दार

घरकुल योजनेतून चौथरा झाला, त्यावर दाराची चौकटही बसली, आणि सरकारी हप्ता अडकला. भिंतींचा पत्ताच नाही. बांबूचे टेकू लावलेली चौकट तेवढी उघड्यावर उभी होती आणि तिला बांधलेला पूजेचा नारळ उन्हात वाळत होता.

पद्मीन रोज दिवेलागणीला शेजारच्या खोपटातून येऊन चौथरा झाडायची, उंबऱ्यावर हळदकुंकू वाहायची. ये-जा मात्र चौकटीतूनच. शेजारणी बाजूने वर चढल्या की तिचं टाळकं सरकायचं.

"भिंतीतून काय येता गं बायांनो? दार हाय की!"

बाया पोट धरून हसायच्या. तिचा नवरा लिंबाजी तर वैतागायचा. "येड लागलंय तुला," म्हणत मुद्दाम मागच्या बाजूने उडी मारून यायचा. मग ती त्याच्याशी बोलायचीच नाही.

त्या दिवशी हप्त्याची चौकशी करून तो पंचायतीतून परतला, तेव्हा ती चौथऱ्यावर पाठमोरी बसून डाळ निवडत होती. तो काय सांगणार, हे तिला ठाऊक होतं. पुढच्या महिन्यात बघू, दुसरं काय! आता धपकन उडी पडेल म्हणून ती तशीच बसून राहिली.

आवाज आला तो लाकडावरच्या टकटकीचा.

तिने वळून पाहिलं. उंबऱ्याबाहेर चपला काढून लिंबाजी उभा होता. चेहरा पार उतरलेला.

"घरात हाय का कुणी?" त्याने विचारलं.

पद्मीनने सूप बाजूला ठेवलं, पदर सावरला.

"थांबा, कडी काढते," ती म्हणाली आणि चौकटीपाशी जाऊन तिने रिकाम्या हवेत हात वर नेला.

कडी निघेपर्यंत लिंबाजी बाहेर थांबला.