माझ्या नावाचा कोळी

मोसंबीच्या बागेत कोळ्यांच्या कितीतरी जाती असतात. जाळं विणणारे नव्हेत, पानांचा रस पिणारे, टाचणीच्या टोकाहून बारीक. त्यातली एक जात कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. भिंगातून बघून बघून डोळ्यांचं पाणी झालं, तेव्हा ती मला सापडली. शोधनिबंध छापून आला, त्यावर फक्त ह्यांचं नाव.

"आणि माझं?"

"अगं, तुझं नाव तर कोळ्यालाच दिलंय! बायका नवऱ्याचं नाव लावतात, मी बायकोचं लावलं. आणखी काय हवंय?"

सगळ्या विभागाने टाळ्या वाजवल्या. सासूबाई येईल त्याला सांगत सुटल्या, "सुनेनं नाव काढलं हो!" मीही हसले. पुढे हे म्हणाले, आता जरा घराकडे बघ. प्रयोगशाळेतल्या माझ्या स्टुलावर नवी सहायक बसू लागली.

काल ह्यांचा नवा शोधनिबंध आला. माझ्या नावाच्या कोळ्याचं बागेतून नामोनिशाण कसं मिटवायचं, त्यावर. औषध दोघांनी मिळून शोधलंय.

या वेळी ह्यांच्या शेजारी तिचंही नाव आहे.