दोरीवरचं धुणं

लिस्बनच्या जुन्या अल्फामा वस्तीत मी पाहुण्यांना पायी फिरवतो. एका वेळी दोघंच, गर्दी नाही, आणि "खऱ्या लिस्बनची खरी माणसं दाखवू" असं आमच्या कंपनीचं वचन.

आजचं डॅनिश जोडपं सकाळपासून कुरकुरत होतं. "तेल्मो, किल्ला झाला, चर्च झालं. इथे राहणारं कुणी दिसेल का?"

यांनी वाईट अभिप्राय लिहिला की माझी पुढची फेरी गेलीच. मी त्यांना तडक पायऱ्यांच्या गल्लीत नेलं. देओलिंदा मावशी खिडकीबाहेरच्या दोरीवर चादरी वाळत घालत होत्या. जोडप्यातल्या नवऱ्याने कॅमेरा काढला, तशा मावशी कडाडल्या.

"काय रे ए, तुमच्याकडे कपडे धूत नाहीत वाटतं?"

मी अर्थ सांगितला. बायको हरखलीच. "विचारा ना, त्या इथल्याच का?"

"जन्मच या घरातला माझा!" म्हणत मावशींनी चादर अशी झटकली, की आमच्या अंगावर पाणी उडालं. दोघं भिजून धन्य झाली.

संध्याकाळी सहाच्या बोटीने मी नदीपलीकडे घरी निघालो. अल्फामातली घरं पर्यटकांना भाड्याने गेल्यापासून खरी माणसं सगळी पलीकडेच राहतात. देओलिंदा मावशी शेजारी येऊन टेकल्या.

"तेल्मो, ऑफिसात सांग बाबा, उद्या माझी रजा. घरी धुण्याचा ढीग पडलाय."