निरंक

"हा खडक आहे, आजी," मोजणीदार म्हणाला. "नैसर्गिक खडक. सगळ्या किनाऱ्यांवर असतो तसाच."

त्याने आजी म्हटलेलं आत्याला रुचलं नाही, आणि खडक म्हटल्यावर तर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक तर अख्खा किनारा तिला आत्या म्हणायचा. आणि हा साहेब ज्याला खडक म्हणत होता तो चांगला कमरेइतका उंच बांध होता, दगडावर दगड रचलेला, किनाऱ्यापासून निघून वाकत वाकत समुद्रात गेलेला. भरतीचं पाणी त्याच्यावरून आत यायचं, ओहोटीला फटींतून निघून जायचं, आणि मासे आत अडकायचे. आत्याच्या आजेसासूने इथेच टोपल्या भरल्या होत्या, तिच्या आधीच्या बायकांनीही. पण बांधाच्या दोन्ही अंगांना कालवं अशी काही चिकटून बसली होती, की एक दगड कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते कळायची सोय नव्हती.

मोजणीदाराने कागद तिच्यासमोर धरला. 'मानवनिर्मित जुने बांधकाम' या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'निरंक'. म्हणजे पुढच्या महिन्यात इथे भराव पडणार, वर नवा धक्का उभा राहणार आणि बांध त्याच्या पोटात जाणार. एका शब्दात सगळा निकाल.

"थोडं खरवडून दाखवा ना," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "दोन दगडांमधला सांधा दिसला तर मी तसं लिहितो. हातभर जागा मोकळी करा, बस."

शेजारी उभ्या असलेल्या आत्याच्या सुनेने कमरेची कोयती काढली. "आई, हातभरच तर आहे."

"ठेव ती."

बांधावरच्या कालवांना कोयती लावायची नाही, हा इथल्या बायकांचा कायदा. खायची कालवं पलीकडच्या खडकांवरून काढायची. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सुनेने न कळून इथली दोन कालवं काढली, तर आत्या तिच्याशी आठ दिवस बोलली नव्हती. बांधात चुना नाही की माती नाही. दगड धरून ठेवलेत ते या कालवांनीच.

"साहेब, तुमच्या अंगात हाडं आहेत की नाहीत, हे मी तुम्हाला सोलून बघितलं तर चालेल का?" आत्याने विचारलं.

मोजणीदार हसला. "मग निरंकच राहील."

"राहू दे. एवढे आलाच आहात, तर त्या टोकापर्यंत लांबी तरी मोजून घ्या."

सुनेने चमकून सासूकडे पाहिलं. भरतीची वेळ दोघींनाही तोंडपाठ होती. आत्याने तिचं बघणं पाहिलंच नाही असं दाखवलं. तिने टेपचं टोक धरलं, दोनदा हातातून निसटू दिलं, एकदा आकडा विसरली आणि सगळं पहिल्यापासून मोजायला लावलं. एरवी असला आडमुठेपणा तिला जमला नसता, पण आज ती हट्टालाच पेटली होती.

टेप गुंडाळून मोजणीदाराने मान वर केली, तेव्हा ज्या वाळूवरून ते आले होते तिथे पाणी हेलकावत होतं. बांधाचा माथा तेवढा वर होता.

"आता हो?" तो म्हणाला.

"आता काय. निरंकावरून चला," आत्या म्हणाली आणि पुढे निघाली.

मधे तो, मागे सून. वीसेक पावलं गेले असतील नसतील, पाणी घोट्याच्या वर आलं आणि बांधाचा माथाही दिसेनासा झाला. आत्या मागे वळून न बघता सांगत होती. "डावा पाय टाका, सपाट आहे. आता वीतभर खाली, पायरी आहे. इथे रुंद आहे, टोपली टेकवायची जागा, दम घ्या. आता जरा उजवीकडे." पाणी गढूळ होतं, पण पाय जिथे टाकायला सांगितला तिथेच नेमका टेकत होता. मोजणीदार आधी कुरकुरला, मग पावलं मोजायला लागला.

"दर एकवीस पावलांवर टोपलीची जागा आहे," तो हळूच म्हणाला.

"भरलेली टोपली घेऊन तेवढंच चालवतं," आत्या म्हणाली.

तेवढ्यात त्याच्या बुटाखालचा एक दगड हलला आणि पाण्यात गेला. सुनेने त्याला दंडाला धरून सावरलं.

"कुठला गेला?" आत्याने विचारलं.

"चपट्या नाकाचा," सून म्हणाली. मग मोजणीदाराला म्हणाली, "ज्याच्या पायाने पडतो त्यानेच बसवायचा असतो. माझे आतापर्यंत अकरा झाले."

किनाऱ्यावर पोचल्यावर मोजणीदार ओल्या बुटांसकट वाळूत बसला. मागे बघितलं तर नुसतं पाणी. त्यात बांध असेल असं सांगूनही कुणाला पटलं नसतं. मग पिशवीतून कागद काढून त्याने 'निरंक'वर आडवी रेघ मारली, शेजारी सही केली आणि बराच वेळ काहीतरी लिहीत बसला.

"आत्या," तो म्हणाला, "पुढचा रकाना आहे, बांधकाम पूर्ण झाल्याचं साल. काय लिहू?"

आत्या ओले कपडे पिळत होती.

"पूर्ण कुठे झालाय?" ती म्हणाली. "उद्या नऊला पाणी उतरेल, तेव्हा या. तुमचा दगड बसायचाय अजून."