दाराबाहेरचा मशीनवाला

“आधी हिला बाहेर काढा!”

पलंगावरून दादा ओरडला तेव्हा बहीण त्याच्या अंगठ्यावर चिकटपट्टी लावत होती. पत्रा कापायच्या यंत्रात तुटलेला तो अंगठा सर्जननं आदल्या दिवशी पुन्हा जोडला होता. तो जगतोय की नाही, हे मशीनवर बघायचं काम या इस्पितळात तिचंच. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून लेझरचा उजेड कातडीत जायचा, वाहत्या रक्तावरून परतताना किंचित बदलायचा. त्या फरकावरून रक्ताचा वेग पडद्यावर आकड्यात उमटायचा.

“आईचं शेवटचं तोंड बघू दिलं नाहीस. आता माझ्या उशाशी कशाला आलीस?”

“दादा, फोन केले होते. तूच उचलले नाहीस.”

“खोटारडी!”

आकडा घसरला. सर्जनच्या कपाळाला आठ्या पडल्या. “असाच उतरत राहिला तर टाके उसवून पुन्हा बघावं लागेल. दुसऱ्यांदा अंगठा तग धरेलच असं नाही.”

बहीण बाहेर गेली. दाराच्या फटीतून तिनं पाहिलं. आकडा हळूहळू चढत होता. ती आत आली. दादानं जबडा आवळला आणि आकडा पुन्हा पडला.

“टाके ठीक आहेत, डॉक्टर,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “मला बघितलं की याच्या नसा आवळतात.”

तिनं मशीन दाराबाहेर ओढलं आणि लांबलचक तंतू दाराखालून आत सोडला. नर्सला बजावलं, “मी इथे आहे, हे त्याला कळता कामा नये.” मग त्या अरुंद बोळात, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के खात, ती खुर्चीवर बसून राहिली. एका दुपारी आकडा धाडकन कोसळला. ती धावत जाऊन सर्जनला घेऊन आली. सूज वाढून पट्टी काचत होती. ती कापली आणि अंगठा वाचला.

पुढे अंगठ्यावर गुलाबी रंग चढला. कारखान्यातला एक सोबती दादाला भेटायला आला. दार अर्धवट उघडंच राहिलं.

“घरचं कोणी फिरकलं का रे?”

“सख्खी बहीण आहे ना! एकदा तोंड दाखवून गेली, ती गेलीच. रक्ताचं नातं म्हणे!” दादा थुंकल्यासारखं हसला. “त्यापेक्षा तो बाहेरचा मशीनवाला बरा. नर्स सांगते, जागचा हलत नाही. इथून सुटलो की आधी त्याचे पाय धरणार.”

बहिणीनं पडद्याकडे पाहिलं. आकडा इतका वर कधीच गेला नव्हता.

तिनं दार अलगद लोटून घेतलं.