जास्तीची भाकर

आमची सून सलोमी माणसं मोजून भाकरी थापते. माझी सासू रोज एक जास्तीची थापायची. "प्रभू कवा येईल नेम नाय, आला तर उपाशी जाऊ नये," म्हणायची. अजून तिच्या भाकरीची थाप कानात हाय. सलोमीचं आपलं एकच, "वाया जातं, आत्याबाई."

रविवारी चर्चमधून येऊन जेवायला बसलो, तर दारात बिडकीनची केरसुणीवाली. उपाशी होती. मला तेच पाहिजे होतं. सलोमीला म्हणलं, "घाल आता जेवू! टोपलं तर रिकामं."

सलोमीनं आपलं वाढलेलं ताट उचलून तिच्यापुढं ठेवलं.

मी माझी भाकर मोडली. "बस, अर्धी घे. माझी सासू जास्तीची द्यायची, तू तुझी दिलीस. पण उद्यापासून एक जास्त थापायचीच. प्रभू जेवला अन् माझी सून उपाशी, हे मला चालायचं नाय."