फळ्याकडची पूर्व

“पूर्व कुठे?” राऊतबाईंनी विचारलं. नव्या इमारतीतल्या पहिल्याच सकाळी चौथीच्या पोरांनी झटकन फळ्याकडे बोटं दाखवली. जुन्या वर्गात फळा पूर्वेच्या भिंतीवर होता. बाईंनी पोरांकडून तसंच घोकून घेतलं होतं.

फक्त रेवती वळून मागच्या खिडकीकडे बोट दाखवत होती. पोरं हसली.

“अगं, सगळे कुठे दाखवतायत बघ!” बाई करवादल्या.

“पण बाई, सगळ्यांच्या सावल्या फळ्यावर पडल्यात. मग सूर्य मागंच असणार ना?”

बाईंनी वळून पाहिलं. फळ्यावर काळ्या बोटांची दाटी झाली होती. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला.

“आणि संध्याकाळी सावल्या कुठे पडतील?”

याचं उत्तर कुणालाच पाठ नव्हतं. एकेक मान खिडकीकडे वळू लागली, आणि बाईंनी मुळीच घाई केली नाही.